अथर्वच्या जादा वर्षाबद्दल

मॅसॅच्युसेट्स, नोव्हेंबर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आल्यापासून अथर्वचाच विचार डोक्यात आहे. जूनमध्ये त्याचं हायस्कूल संपेल, बास्केटबॉलसाठी अजून एकाही कॉलेजच्या कोचने शब्द दिलेला नाही, म्हणून आणखी एक वर्ष प्रेप स्कूलमध्ये, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या खासगी शाळेत, पीजी (हायस्कूलनंतरचं जादा वर्ष) करायचं का, हा तुझा प्रश्न. मी अशाच एका बोर्डिंग शाळेत गणित शिकवतो, वसतिगृहात या मुलांसोबत राहतो. तुला नीट सांगायला मलाच हवं.

माझं मत आधी सांगतो. पाठव. पण शाळा कोच बघून निवडू नकोस, वर्ग बघून निवड.

पोराचा खेळ कमी पडला असं वहिनींना वाटू देऊ नकोस. 2021 पासून पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. त्यामुळे कोचला 22 वर्षांचा तयार गडी आयता मिळतो, 17 वर्षांच्या मुलाला घडवत बसायला त्याला सवड कुठली? त्यात खेळाडूंना पैसे देण्याबाबतचा 2025 चा न्यायालयीन समझोता स्वीकारलेल्या डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सर्वांत वरच्या गटातल्या, कॉलेजांत बास्केटबॉलचा संघ 15 जणांवर अडला. अथर्व वर्गात सगळ्यांत लहान, उंची अजून वाढतेय. वर्षभरात अंगात ताकद भरेल, हा फायदा खरा आहे.

मार्कांचं मात्र वेगळं आहे, आणि इथेच आईबाप फसतात. डिव्हिजन वनसाठी एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था, 16 कोअर कोर्स (मुख्य विषयांचे कोर्स) आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (4 पैकी सरासरी) मागते, तेही नववी सुरू झाल्यापासूनच्या चार वर्षांतलं. वेळेवर हायस्कूल संपवलेल्या मुलाला त्यानंतरचा फक्त एक कोर्स धरता येतो. अकरावीच्या केमिस्ट्रीत पडलेला खड्डा पीजीच्या वर्षात बुजवू म्हणशील, तर तो बहुतेक बुजत नाही. हे ऐकून माझ्यासमोर गप्प झालेले बाप मी पाहिलेत, आणि तोवर 70 हजार डॉलरच्या घरातली फी भरून झालेली असते. त्याखालच्या डिव्हिजन टूमध्ये वेळेची ही अट नाही.

मग वर्गाचा उपयोग काय? कॉलेजचं अ‍ॅडमिशन ऑफिस या वर्षाचे मार्क बारकाईने बघतं. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठं) आणि सर्वांत खालच्या डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच. आयव्हीत मदत घरच्या उत्पन्नावर मिळते, आणि कोचच्या शिफारशीला मार्कांचा आधार लागतो. बास्केटबॉलपटू डंकन रॉबिन्सनचं उदाहरण मी मुलांना नेहमी देतो. 2012-13 मध्ये त्याने फिलिप्स एक्सेटर या प्रेप स्कूलला पीजी केलं आणि गेला विल्यम्स कॉलेजात, म्हणजे डिव्हिजन थ्रीत. तिथून मिशिगन विद्यापीठ, आणि एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कोणी निवडलं नसताना तिथलाच मायामी हीट संघ. विल्यम्सचं दार नुसत्या खेळावर उघडत नाही, अविनाश.

ज्या ‘प्रेप’चा संघ दिसतो पण वर्ग कुठे भरतात ते कळत नाही, तिथे पाऊल टाकू नकोस. 2006 मध्ये एनसीएएने अशा काही शाळांचे दाखले मानायचं नाकारलं होतं. आणि घरावर दुसरं कर्ज काढून फी भरू नकोस, हे हात जोडून सांगतो. फायनान्शियल एड अर्जासोबतच माग. बऱ्याच शाळांची मुदत जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असते, निकाल 10 मार्चला.

राहण्याचंही सांगतो. आमच्याकडे शनिवारी तास असतात, बुधवारी-शनिवारी दुपारी सामने, रात्री आठ ते दहा स्टडी हॉल. पीजीची मुलं सुरुवातीला फार एकटी पडतात. आपल्या शाळेत ती हिरो होती, इथे बेंचवर बसतात, आणि बाकीच्यांची तीन वर्षांची घट्ट दोस्ती झालेली असते. मी रविवारी त्यांना घरी बोलावतो. पोहे खाता खाता एखादा हळूच विचारतो, ‘सर, मला इथे का पाठवलंय?’ त्याला उत्तर देणं मला अजून जड जातं.

म्हणून अथर्वचं ट्रान्सक्रिप्ट आणि एका पूर्ण सामन्याचा व्हिडिओ पाठव. निवडक बास्केटचा नको, चेंडू हुकल्यावर तो परत कसा धावतो ते कोचला बघायचं असतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस त्याला इकडे धाड, वर्गात बसू दे. हे वर्ष त्याला स्वतःला हवंय का, ते तू समोर नसताना मी त्याला विचारीन, आणि तो जे म्हणेल ते तू मानायचंस.

वहिनींना नमस्कार, अथर्वला आशीर्वाद.

तुझा,
दिलीप