शिळ्या सणाच्या सकाळी

प्रिय आई-बाबा,
शालोम.

आज शिळा सण, आपल्या ज्यूंच्या किप्पूरच्या उपासानंतरचा दिवस. त्यात शुक्रवार, म्हणजे संध्याकाळी शब्बाथ, आपला विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत पत्र पुरं करायला हवं. कालची पातेली मोरीत तशीच आहेत. असू देत.

काल आमच्याकडे 14 माणसांनी उपास सोडला. आत्याचे गुडघे तिला आता ओट्याशी उभं राहू देत नाहीत, म्हणून दरवर्षी इथे इस्रायलमध्ये लोदला तिच्या घरी होणारं जेवण यंदा अशदोदला माझ्याकडे आलं. आई, तू इतकी वर्षं हे कसं केलंस गं? किप्पूरला चूल पेटवायची नाही, म्हणजे सगळं बुधवारी दुपारपर्यंत उरकायचं. मनुका आदल्या रात्री भिजत घातल्या, सकाळी कुस्करून दोनदा गाळल्या. शरबत तुझ्यासारखंच गडद झालं. बोयचं कालवण नारळाच्या दुधात केलं. इथे त्या माशाला बुरी म्हणतात, पण चव आपल्या बोयचीच. कानवल्यांच्या पहिल्या घाण्यातले पाच तेलात फुटले आणि सारण जळून घरभर वास सुटला. बाकीचे नीट झाले.

मग दारं लागली. किप्पूरला दारफाळणीचा, म्हणजे दारं लावायचा सण, हे आपल्या आज्यांनी ठेवलेलं नाव मला इथे आल्यावर जास्त कळलं. रस्त्यावर एक गाडी नाही, विमान नाही, टीव्ही बंद. मुलं मात्र मधोमध सायकली हाकत होती. आणि तुमच्या ठाण्यात टेंभी नाक्यावर काल दसरा! सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनाघरात, उभी असताना तेच डोळ्यांपुढे येत होतं: बाहेर देवीच्या मांडवाची गर्दी आणि आत पांढऱ्या कपड्यांत बाबा, आजोबांच्या जागेवर. धाकटीने विचारलं, आजोबांचं सिनेगॉग किती जुनं? म्हटलं, 1879 चं. आपलं हे सगळं अशदोद शहरच 1956 चं आहे.

सव्वाचारच्या सुमारास घड्याळ पाहिलं. तुमच्याकडे पावणेसात, उपास संपल्याचं शिंग, शोफार, वाजून गेला असणार. आमचे अजून पावणेतीन तास बाकी होते. बाबा, तेव्हा मी तुमच्यासाठी रडले.

कारण आता लिहिते. आमच्या शेजारी मोरोक्कोहून आलेले एक आजोबा राहतात. वय 81, तुमच्यासारखीच साखर. तेही काल सिनेगॉगमध्ये होते. अंगणातल्या बाकावर एक लहानशी पेली घेऊन बसले होते. मनगटावरचं घड्याळ बघायचे, घोटभर पाणी प्यायचे, पुन्हा आत जाऊन उभे राहायचे. एका वेळी 40 मिलिलिटरच्या आत, मध्ये 9 मिनिटं. त्यांच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, डॉक्टरांशी बोलून घालून दिलेलं माप. रब्बी त्यांना म्हणाले होते, जिवाला धोका असलेल्या माणसाने हे पाणी पिणं हीच त्याची त्या दिवशीची आज्ञा. आजोबांच्या चेहऱ्यावर कसलीही लाज नव्हती.

नेइला ही शेवटची प्रार्थना संपली, शोफार वाजला, सगळे घरी आले. सणाला निरोप देणारी हवदाला झाली. शरबताचा पहिला पेला मी त्याच आजोबांच्या हाती दिला. त्यांनी पिण्याआधीची बराखा म्हटली आणि डोळे मिटून प्यायले. त्यांच्या बायकोने हरिराचं, त्यांच्या मोरोक्कोच्या सूपचं, पातेलं आणलं होतं. कानवल्यांशेजारी हरिरा! आत्या तर दोन वाट्या प्यायली. जेवण होताच मुलांनी सुक्क्याचा, सुक्कोथ सणाच्या मांडवाचा, पहिला खांब उभा केला.

बाबा, गेल्या वर्षी उपासात तुम्हाला सिनेगॉगमध्ये चक्कर आली, तेव्हा मी फोनवर तुमच्यावर ओरडले. "हट्टाने मरायचं आहे का?" असं म्हणून फोन आपटला. तुम्ही फक्त एवढंच म्हणाला होता, "माझ्या बापाने कधी मोडला नाही." माणसाने माणसाला दुखावलं असेल तर त्याची समजूत काढल्याशिवाय किप्पूरही ते धुऊन काढत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. रोश हशानापासून, आपल्या नव्या वर्षापासून, रोज म्हणत होते, आज बोलते. रोज हवापाण्यावर बोलून फोन ठेवला. काल रात्री आई म्हणाली, यंदाही तुम्ही पूर्ण धरला. घरात पाहुणे होते, मी गप्प राहिले.

मला माफ करा. माझी काळजी खरी होती, पण बोलले ते वाईट होतं. तुम्ही आजोबांच्या जागेवर उभे राहता, तो मला हट्ट वाटला. काल माझ्या घरी ती 14 माणसं शरबताची वाट बघत उभी राहिली, तेव्हा तुम्ही कशासाठी उभे राहता ते समजलं.

आता मागणं. पुढच्या किप्पूरच्या आधी मी महिनाभर ठाण्याला येते. आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ, मग एखाद्या रब्बींना विचारू. ते जे सांगतील ते मीही ऐकेन. पूर्ण धरा म्हणाले, तर एक अक्षर बोलणार नाही. पाणी घ्या म्हणाले, तर पेली मी भरून देईन, घड्याळही मीच बघेन.

आई, कानवल्याची कड तू दुधाने चिकटवायचीस की पाण्याने? आत्या म्हणते दुधाने, पण मला तुझी पाण्याची वाटी आठवते. सुक्कोथच्या आत कळव, पुन्हा करायचे आहेत.

तुमची लेक