घरावरच्या पत्र्याबद्दल आई-बाबांना पत्र

तीर्थस्वरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा ‘बघू’ म्हणतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून लिहायला बसले. आधीच सांगून टाकते, रागावू नका. घरावरची कौलं उतरवून पत्रा घालायचं मी आणि दादाने ठरवलं आहे, आणि फॅब्रिकेटरला दीड लाख आगाऊ देऊनही झाले आहेत. तुम्हाला विचारून करायला हवं होतं. पण गणपतीत आले तेव्हा बाबांना शिडीवर पाहिलं. एका हातात कौल, दुसरा हात वाशाला, आणि गुडघा थरथरत होता. बाबा, 74व्या वर्षी हे नको हो. वानरांनी फोडलेलं एक कौल बदलायला माणूस मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हा निर्णय घेतला. आणि आई, तू ‘एवढं काही गळत नाही’ म्हणतेस तेव्हा मागे टोपात पडणारं पाणी मला इथे ठाण्यात ऐकू येतं.

बाबांनी कॅलेंडरच्या मागे केलेला हिशोब आईने वाचून दाखवला. घर 1200 चौरस फूट, पत्रा 62 रुपये फूट, झाले 74,400. मग 4 लाख 20 हजार सांगणारा पोरांना लुबाडतोय, असं वाटणारच. मलाही वाटलं होतं. तीन ठिकाणी दर काढले तेव्हा उलगडा झाला.

आपलं घर 40 बाय 30 आहे, पण छप्पर भिंतीवर थांबत नाही. चारही बाजूंना दोन-दोन फूट बाहेर येतं, म्हणजे 44 बाय 34. शिवाय ते उतरतं असल्यामुळे आपल्या उताराला क्षेत्र आणखी साडेपंधरा टक्के वाढतं. असं करून 1728 चौरस फूट होतात. पत्र्यावर पत्रा चढवावा लागतो, थोडा कापण्यात जातो, म्हणून 1870 फूट मागवला. त्याचे जीएसटी धरून 1 लाख 16 हजार. म्हणजे पत्रा हा एकूण खर्चाच्या पाव हिश्शाहून थोडाच जास्त आहे.

सगळ्यात मोठा आकडा सांगाड्याचा, 1 लाख 90 हजार. इथे काटकसर करू असं दादा म्हणत होता, मी ऐकलं नाही. माजघरावरचे वासे बाबांनी स्वतः टोचून पाहिलेत, वाळवीने आतून भुसा केला आहे. त्यांच्यावर नवा पत्रा ठोकणं म्हणजे पैसे पाण्यात. बाकी आढ्याच्या आणि कडेच्या पट्ट्या व स्क्रू 18 हजार, पन्हळी 21 हजार, पत्र्याखालचा फोम 38 हजार, कौलं उतरवून पत्रा चढवायची मजुरी 28 हजार, गाडीभाडं 9 हजार. दरवर्षी शाकारणीला 20-25 हजार जातातच ना बाबा? आणि तरी आषाढात टोपं मांडावी लागतात.

पत्रे उडतात, हे तुमचं म्हणणं मी हसण्यावारी नेलेलं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आपल्या गोठ्याचे पत्रे कलमांत जाऊन पडले होते, ते मी विसरेन कशी? पण ते लाकडी रिपांवर खिळ्यांनी ठोकलेले होते. आता लोखंडी पाइपात स्क्रू जातील, कडेला जवळजवळ, आणि सांगाडा जांभ्याच्या भिंतीवर काँक्रीटचा पट्टा टाकून बोल्टने जखडणार आहेत. कौलांचं ओझंही मी मोजलं. एक कौल अडीच किलोच्या आसपास, आपली अंदाजे 2400. म्हणजे कोरडी असताना सहा टन. पत्रा सगळा मिळून पाऊण टनाच्या आसपास. आजोबांनी बांधलेल्या भिंतींना जरा उसंत मिळेल.

उन्हाचं खोटं सांगणार नाही, कौलांइतकं थंड राहायचं नाही. फोम आहे, माजघरावरचा लाकडी माळा तसाच राहणार आहे, आणि छपराखाली दोन्ही टोकांच्या भिंतींवरच्या त्रिकोणांत जाळी ठेवून गरम हवेला वाट करून घेतली आहे. फिकट रंग घेतला असता तर ताप अजून कमी झाला असता, पण पाणंदीतून येताना आपलं घर आपलं दिसावं म्हणून कौलाचाच रंग घेतला. पावसाचा आवाज वाढेल. बाबा, त्यासाठीच पडवीला हात लावू दिलेला नाही. तिथली कौलं तशीच राहतील, तिथे पन्हळही नाही. तुमची खुर्ची, रेडिओ आणि समोर पागोळ्या, सगळं जागच्या जागी.

शिमग्याची पालखी घरात येऊन गेली की पुढच्या सोमवारी काम सुरू होईल, 12 दिवसांचं आहे. तेवढे दिवस तुम्ही दोघांनी काकूकडे राहायचं. देव तिच्या देवघरात बसतील, तिच्याशी बोलले आहे. आई, तुझी गादी आणि गरम पाण्याची पिशवी आधी पोचवते. बीपीच्या गोळ्या धावपळीत चुकवायच्या नाहीत.

आता बाबा, हे नीट वाचा. शिडीला हात लावायचा नाही, खालूनच लक्ष ठेवायचं. पत्र्यावर 0.50 एमएम आणि अॅल्युमिनियम-झिंकचा 150 ग्रॅमचा लेप छापलेला आहे ना, ते उतरवून घेतानाच वाचायचं, खाऱ्या हवेत तोच टिकतो. ग्राइंडरने पत्रा कापू द्यायचा नाही, ठिणग्यांनी लेप जळतो आणि कडेपासून गंज धरतो. स्क्रू उंचवट्यावरच, आणि रबराचा वॉशर फाटेपर्यंत आवळायचा नाही. रोज संध्याकाळी लोखंडाचा कीस झाडून घ्यायला लावायचा. तुमच्याइतकं बारीक बघणारा दुसरा कोण आहे तिथे?

एक राहिलं. माजघरातलं काचेचं कौल. दुपारी चटईवर झोपवायचात तेव्हा त्यातून पडलेला उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकत जात्यापर्यंत जायचा, आणि तो जात्याला टेकला की बाबा म्हणायचे, ऊठ बाय, चहा झाला. मी हाताची ओंजळ करून तो धरून ठेवायची. त्याच जागी पारदर्शक पत्रा टाकायला सांगितला आहे, फुटपट्टी लावून खूण केली आहे. ते कौल गड्यांना काढू देऊ नका. मी शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते, रविवारी मीच उतरवून घेईन. आई, गुंडाळायला तुझं एक जुनं मऊ लुगडं काढून ठेव.

तुमची,
बाय