नव्या पाइपाला अंघोळ नको

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील घरगुती सल्ल्यांमध्ये, तंबाखूचा नवा पाइप ओढायला घेण्यापूर्वी तो रात्रभर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावा, असे छापून आले आहे. मातीच्या चिलमीला हे एकवेळ चालेल. लाकडी पाइपाची मात्र त्याने वाट लागेल, म्हणून कृपया दुरुस्ती छापावी. (तंबाखू अपायकारक आहे हे मी जाणतो, तो या पत्राचा विषय नव्हे.)

चांगले पाइप बहुधा ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीचे असतात. ती गाठ कित्येक तास उकळून तिच्यातला चीक आणि तुरटपणा काढतात आणि नंतर ती महिनोन्‌महिने वाळवतात. इतक्या खटाटोपाने सुकवलेले लाकूड पुन्हा भिजवले, तर ते फुगते आणि वाळताना तडकते किंवा नळीचा सांधा ढिला होतो. आपल्या पुण्याच्या पावसाळ्यात तर आतली ओल हटता हटत नाही.

नव्या पाइपात खरी घाण असते ती भोक पाडताना उरलेल्या भुशाची. ती काढायला नळीतून कोरडा पाइप क्लीनर (सुती लव असलेली बारीक तार) दोन-तीनदा फिरवणे आणि तंबाखू भरायची वाटी किंचित ओलसर फडक्याने पुसणे पुरेसे आहे. वाटीच्या आत काळा लेप दिसला, तर तो कारखान्यातच दिलेला असतो. मळ समजून घासू नये. आतून मध लावण्याची पद्धत काही जण पाळतात. मला ती अनावश्यक वाटते.

खरी तयारी म्हणजे पहिले काही दिवस वाटी तिसरा हिस्साच भरणे, मग निम्मी आणि मग पूर्ण. सावकाश ओढावे, वाटी गालाला लावून चटका बसला तर थांबावे आणि शक्यतो तळापर्यंतची तंबाखू जळू द्यावी, कारण कोळशाचा पातळ थर तळाशीही धरावा लागतो; तोच पुढे लाकडाला आगीपासून सांभाळतो. हा थर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा झाला की बस. त्याहून जाड झाला तर तापल्यावर तो फुगतो आणि वाटीलाच चीर पाडतो. पाइप गरम असताना नळी उपसू नये आणि एकदा ओढल्यावर त्याला दिवसभर विश्रांती द्यावी.

जुन्या बाजारात मिळणाऱ्या वापरलेल्या पाइपांची गोष्ट निराळी. त्यांना मीठ आणि स्पिरिटचा उपचार करतात, पण तोही वाटीच्या आतच, कारण स्पिरिट बाहेर सांडले की पॉलिश उतरते. त्यांच्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, नळ्या हिरवट पडलेल्या दिसतात, त्या बहुधा उन्हाने. तेव्हा नवा पाइप पुसून झाल्यावर गॅलरीत वाळत घालू नये, कपाटात ठेवावा.

आपला,
एक वाचक, एरंडवणे, पुणे