फोनमधली नको असलेली अ‍ॅप काढण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्यातल्या एका काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘वाहनाचे चलान’ म्हणून फाइल आली. नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे ती फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल होती. त्यांनी ती उघडली आणि फोनमध्ये एक अ‍ॅप बसलं, ज्याचं चिन्हसुद्धा स्क्रीनवर दिसत नव्हतं. पैसे थोडक्यात वाचले.

म्हणून प्रत्येकाने आजच सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ उघडून पूर्ण यादी बघावी. आपण न घेतलेलं अ‍ॅप दिसलं तर ‘अनइन्स्टॉल’ दाबा. बटण दबतच नसेल तर बहुधा त्याने ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ची, म्हणजे फोनवर जादा ताबा देणारी, परवानगी घेतलेली असते. सेटिंग्जमध्ये ती शोधून आधी बंद करा, मग अ‍ॅप निघेल. अशी फाइल चुकून उघडली गेलीच तर लगेच इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, उशीर नको.

फोनसोबत आलेली काही अ‍ॅप निघत नाहीत, ती ‘डिसेबल’ करा. दरमहा पैसे कापणारं अ‍ॅप नुसतं काढून भागत नाही. प्ले स्टोअरमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन वेगळं रद्द करावं लागतं.

जमलं नाही तर रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयात फोन घेऊन या, अजिबात संकोच करू नका. ओटीपी मात्र आम्हालाही सांगायचा नाही.