थकलेल्या हप्त्याचे पहिले ९० दिवस

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या आतल्या पानांवर ‘ताबा सूचना’ या मथळ्याखाली, थकलेल्या कर्जापोटी बँकेने घराचा ताबा घेतल्याच्या, बारीक अक्षरांतल्या चौकटी छापून येतात. कर्जदाराचे नाव, सहकर्जदार म्हणून बहुतेक वेळा त्याच्या पत्नीचे नाव, सदनिकेचा क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि थकबाकीची रक्कम असा त्यांचा ठरलेला मजकूर असतो. अनेक वर्षे मी ते पान न वाचताच उलटत असे. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून मात्र मी त्या चौकटी ओळीने वाचते, कारण माझ्या यजमानांची नोकरी गेली आणि पुढच्या काही महिन्यांत अशाच एका चौकटीत आम्हा दोघांची नावे येतील की काय, अशी वेळ आमच्या घरावर आली होती. ती वेळ टळली आहे, पण कशी टळली हे पाहता ती अनेकांच्या बाबतीत टळत नसणार, याची मला खात्री आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे यजमान नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. ऑगस्टमध्ये काम कमी झाले आणि १४ जणांकडून छापील राजीनाम्यावर सह्या घेण्यात आल्या. कामावरून काढले असे कागदोपत्री कोठेही नाही. सर्वांनी ‘वैयक्तिक कारणास्तव’ नोकरी सोडली आहे. त्या कागदाचे मोल आम्हाला नंतर कळले. गृहकर्ज घेताना आमच्याकडून एका विम्याचा हप्ताही भरून घेतला होता, त्यात नोकरी गेल्यास तीन हप्ते विमा कंपनी भरेल अशी तरतूद होती. परंतु स्वतःहून राजीनामा दिलेल्यास ती लागू नाही, असेही त्याच पानावर लिहिलेले होते. कोणी अशा कागदावर सही मागितली तर आधी आपला विमा काढून वाचावा, एवढे मला येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

आमचे कर्ज १८ लाखांचे, मुदत २० वर्षांची आणि हप्ता १५,६२१ रुपयांचा. मी एका खासगी प्राथमिक शाळेत शिकवते, तेथे मला ११,००० रुपये मिळतात. ५ सप्टेंबरचा हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला. ज्या बँकेत बचत खाते होते तिने त्याचा दंड कापला आणि कर्ज देणाऱ्या बँकेनेही वेगळा आकार लावला. ५ ऑक्टोबरलाही तेच झाले आणि ५ नोव्हेंबरलाही. या तीन महिन्यांत आम्ही काय केले, तर लपवले. बँकेचे फोन यजमान उचलत नव्हते. सासूबाईंना कळू नये म्हणून पोस्टमनकडून पाकिटे जिन्यातच घेतली जात आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवली जात. मी ती पाकिटे नोव्हेंबरच्या अखेरीस उघडली तेव्हा पाचही पत्रे इंग्रजीत निघाली. त्यांतल्या एकाही पत्रात, आपणास अडचण असेल तर शाखेत या, असा अर्थ काढता येईल असे वाक्य मला सापडले नाही.

२७ नोव्हेंबरला मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन शाखेत गेले. कर्ज विभागातल्या एका तरुण अधिकाऱ्याने संगणकावर आमचे खाते उघडले, पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवले आणि ते म्हणाले, ‘मॅडम, आज ८३ दिवस झालेत. ९० व्हायच्या आत एक हप्ता भरा, बाकीचे नंतर बघू.’ तीन हप्त्यांचे ४६,८६३ रुपये एकदम उभे करायचे आहेत असे समजून आम्ही तीन महिने हातपाय गाळून बसलो होतो आणि त्या दिवशी घर वाचवायला १५,६२१ रुपये पुरेसे होते. माझ्या दोन बांगड्या गहाण ठेवून ते दुसऱ्या दिवशी भरले.

हा हिशेब बँकेत रोज बसणाऱ्यांना पाठ असतो, पण कर्जदाराला तो कोणी समजावून सांगत नाही. सर्वांत जुना थकलेला हप्ता ९० दिवसांपेक्षा अधिक काळ येणे राहिला की खाते ‘अनुत्पादक’ (एनपीए), म्हणजे ज्यातून बँकेला येणे थांबले आहे असे, ठरते. त्याआधी एक हप्ता भरला तर तो सर्वांत जुन्या थकबाकीत जमा होतो आणि मोजणी पुढच्या हप्त्याच्या तारखेपासून धरली जाते; म्हणजे आमची मोजणी ५ सप्टेंबरऐवजी ५ ऑक्टोबरपासून सुरू झाली आणि ८० च्या पुढे गेलेला आकडा ५५ च्या आत आला. एकदा खाते अनुत्पादक झाले की मात्र एखादा हप्ता भरून भागत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, मुद्दल आणि व्याज यांची सर्व थकबाकी भरल्याशिवाय असे खाते पुन्हा नियमित होत नाही. ज्याच्याकडे ८९व्या दिवशी १५ हजार रुपये नव्हते, त्याच्याकडे १००व्या दिवशी ६० हजार कोठून येणार?

त्यापुढचा रस्ता २००२ च्या ज्या कायद्याने ठरतो, त्याला बँकेत सगळे ‘सरफेसी’ म्हणतात. आधी ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तिला कर्जदाराने लेखी उत्तर दिले तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह प्रतिसाद द्यावा लागतो, आणि हा हक्क फार थोडे लोक वापरतात. ६० दिवसांनंतर बँक ताबा घेऊ शकते, आधी बहुधा दारावर कागद चिकटवून प्रतीकात्मक आणि मग जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने प्रत्यक्ष. त्याविरुद्ध दाद दिवाणी न्यायालयात मागता येत नाही. ४५ दिवसांच्या आत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जावे लागते. लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी सगळी रक्कम भरली तर घर परत मिळते. ती भरणे अशक्यच असेल तर बँकेला विश्वासात घेऊन स्वतः गिऱ्हाईक शोधावे, असे मी सांगेन, कारण लिलावातली किंमत बाजारभावाइतकी क्वचितच येते आणि कमी पडलेली रक्कम कर्जदाराच्या अंगावर उरतेच. लिलावात जास्त रक्कम आली तर ती कर्जदाराची असते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

या सगळ्या प्रवासात मराठी कोठे येते, हे मी मुद्दाम पाहिले. ताबा घेतल्यावर त्याची सूचना दोन प्रमुख वृत्तपत्रांत द्यावी आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे, असा नियम आहे. म्हणूनच त्या चौकटी आपल्या पानांवर येतात. म्हणजे घर हातातून गेले हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना शुद्ध मराठीत कळवण्याची व्यवस्था आहे, परंतु ते वाचवता आले असते तेव्हा ज्याचे घर आहे त्याला त्याच्या भाषेत काही सांगण्याची व्यवस्था नाही. बिगरबँक वित्तीय कंपन्यांसाठी कर्जदाराशी सर्व पत्रव्यवहार स्थानिक किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत करावा, अशी रिझर्व्ह बँकेची संहिता आहे. बँकांनी निदान पहिला हप्ता थकल्यावर जाणाऱ्या पत्रापुरते तरी ते पाळावे. त्या पत्रात आज किती दिवस झाले, ९०वा दिवस कोणत्या तारखेला येतो, त्याआधी किमान किती रक्कम भरली तर खाते वाचेल आणि शाखेत कोणाला भेटावे, एवढ्या चार गोष्टी असल्या तरी पुरे. हा आकडा बँकेच्या संगणकात रोज रात्री आपोआप तयार होतो. तो पत्रावर छापायला वेगळा खर्च नाही.

मात्र भाषेने सगळे भागणार नाही. त्याच अधिकाऱ्यांना मी विचारले होते, की यजमानांना काम मिळेपर्यंत सहा महिने हप्ता कमी करून मुदत वाढवता येईल का? त्यांचे उत्तर प्रामाणिक होते. अडचणीतल्या कर्जदाराला अशी फेरआखणी करून दिली, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमांनुसार चांगले खातेही तत्काळ अनुत्पादक धरावे लागते, त्यामुळे कोणतीही शाखा सहसा त्या वाटेला जात नाही. म्हणजे वेळेवर मदत मागणाऱ्याच्या कपाळी तोच शिक्का बसतो, जो न मागणाऱ्याच्या कपाळी ९० दिवसांनंतर बसतो. मग लोकांनी बँकेचा फोन उचलावा तरी कशासाठी?

यावर उपाय नाही असे नाही, कारण तो एकदा करून झाला आहे. करोनाच्या काळात मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली गेली. त्याखेरीज ६ ऑगस्ट २०२० रोजी आणि पुन्हा ५ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने अशी योजना आणली, की उत्पन्न बुडालेल्या व्यक्तीच्या कर्जाची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवता येईल आणि तरीही खाते नियमितच मानले जाईल. महापूर आणि दुष्काळ यांसारख्या नैसर्गिक आपत्तींतही फेरआखणी करताना खाते अनुत्पादक न ठरवण्याची सवलत बँकांना आहे. गोदावरीचे पाणी घरात शिरले तर जी सवलत मिळू शकते, ती त्याच घरातल्या कमावत्या माणसाचा कारखाना बंद पडला तर का मिळू नये? व्याज माफ करावे असे मी म्हणत नाही. पुढे ढकललेल्या हप्त्यावर व्याज चढतच असते आणि ते आम्ही भरू. ज्याची परतफेड वर्षानुवर्षे बिनचूक आहे, त्याला कर्जाच्या पूर्ण मुदतीत एकदा, नोकरी गेल्याचा पुरावा देऊन, सहा महिने केवळ व्याज भरण्याची परवानगी असावी आणि त्याच्या खात्यावर शिक्का बसू नये, एवढीच मागणी आहे. पुरावा म्हणून राजीनाम्याचे पत्रही ग्राह्य धरले जावे, कारण राजीनामे कसे घेतले जातात ते औद्योगिक वसाहतीत सर्वांना ठाऊक आहे.

यात बँकेचे नुकसान नाही, हे साध्या आकडेमोडीत दिसते. १८ लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के दर कायम राहिला असे धरले, तर पहिल्या पाच वर्षांत कर्जदार ९,३७,२६० रुपये भरतो आणि त्यातून मुद्दल कमी होते जेमतेम २ लाख १४ हजारांनी. उरलेले सव्वासात लाख व्याजाचे असतात. एवढे व्याज देऊन झालेल्या माणसाला सहा महिने थांबू देणे बँकेला जड जाऊ नये.

वसुलीच्या फोनविषयी थोडे लिहिणे भाग आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये आणि नातेवाइकांसमोर कर्जदाराची मानहानी करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे ऑगस्ट २०२२ चे आदेश आहेत. आमच्या बाबतीत सिन्नरला माझ्या मोठ्या दिरांच्या घरी रात्री साडेआठला फोन गेला. अशी तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क करता येते. आम्ही बँकेकडे केली आणि त्यानंतर सिन्नरला फोन गेला नाही.

माझ्या यजमानांना फेब्रुवारीत सातपूरला पूर्वीपेक्षा कमी पगाराचे काम मिळाले आहे. आमचे दोन हप्ते अद्याप मागे आहेत आणि दर महिन्याला आम्ही चालू हप्त्याइतकी रक्कम भरून मोजणी ६०च्या आसपास धरून ठेवली आहे. आपणास माझी विनंती अशी, की ज्या पानावर ताबा सूचना छापल्या जातात त्याच पानावर महिन्यातून एकदा, ९० दिवसांचा हा हिशेब सोप्या मराठीत छापावा. माझे नाव प्रसिद्ध करू नये. मी ज्या मुलांना शिकवते त्यांच्या घरी आपले वृत्तपत्र येते.

आपली नम्र,
एक शिक्षिका, सिडको, नाशिक
(नाव व पत्ता संपादकीय कार्यालयाकडे दिला आहे)