खर्ज कोण लावतो, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘द टेम्प्टेशन्स’ या अमेरिकन सोल गायकवृंदाच्या ‘फीनिक्स रायझिंग’ (1998) या अल्बमवरचा लेख वाचला. कोल्हापूरच्या दैनिकाने या संगीताला एवढी जागा द्यावी याचा मनापासून आनंद झाला. म्हणूनच दोन गोष्टी दुरुस्त व्हाव्यात असे वाटते.

पहिली छोटी आहे. ओटिस विल्यम्स यांना लेखात ‘मुख्य गायक’ म्हटले आहे. ते वृंदाचे संस्थापक आणि कारभारी. पुढे उभे राहून ते क्वचितच गायले. 1964 च्या अखेरीस आलेल्या ‘माय गर्ल’मध्ये पुढचा आवाज डेव्हिड रफिन यांचा, वरचा बारीक आवाज एडी केंड्रिक्स यांचा, खर्ज म्हणजे सर्वांत खालचा आवाज मेल्विन फ्रँकलिन यांचा. ओटिस मधल्या स्वरांवर. पोवाड्याच्या भाषेत ते झीलकरी. शाहीर दम घेतो तेवढ्यात ‘जी जी रं जी’ उचलणारा चुकला तर पोवाडा जागीच बसतो, हे इथे कुणाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट मोठी आहे. ‘माय गर्ल’च्या वेळच्या पाचांतला एकच जुना उरला, म्हणजे उरले ते फक्त नाव, असा लेखाचा निष्कर्ष आहे. हिशोब खरा आहे. पाचवे गायक पॉल विल्यम्स 1973 मध्ये गेले, रफिन 1991 मध्ये, केंड्रिक्स 1992 मध्ये आणि फ्रँकलिन फेब्रुवारी 1995 मध्ये. पण वीणेकरी दमला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, ती खाली ठेवत नाहीत. गायकवृंदात तसेच असते. वरचा आवाज, पुढचे दोन, मधला आणि खर्ज या जागा ठरलेल्या. ‘फीनिक्स रायझिंग’ तयार होत असतानाच थिओ पीपल्स हे मुख्य गायकांपैकी एक वृंदाबाहेर गेले आणि त्यांच्या जागी बॅरिंग्टन हेंडरसन आले. तरीही अल्बम विस्कळीत वाटत नाही, कारण बाकीच्या जागा हलल्या नव्हत्या. वीसहून अधिक वर्षांनी त्यांच्या एखाद्या अल्बमच्या दहा लाख प्रती खपल्या, त्या याच्याच.

त्यातले ‘स्टे’ हे गाणे जरूर ऐकावे. त्यात ‘माय गर्ल’च्या मूळ ध्वनिमुद्रणातला तुकडा घेतला आहे. रॉबर्ट व्हाइट यांची ती गिटारची चढती ओळ पेटीवर पांढरी एकला (पाश्चात्य C) षड्ज म्हणजे सा धरून वाजवून बघा: सा रे ग प ध सां. भूप रागाचा सरळ आरोह! पुढच्या घडीला साथ मध्यमावर (म) जाते, आणि तीच चाल मध्यमाला षड्ज मानून पुन्हा चढते. चौतीस वर्षांनी नव्या गळ्यांखाली तीच ओळ येते तेव्हा जुन्या-नव्याचा सांधा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येते.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत ‘माय गर्ल’ हमखास फसते ते शेवटच्या कडव्यात. मूळ गाणे पांढरी एकमध्ये सुरू होते आणि मधल्या वाद्यांच्या तुकड्यानंतर पांढरी दोनवर चढते. गायक पहिल्या कडव्यावरून पट्टी, म्हणजे आपला सा, ठरवतो आणि शेवटी गळा ताणतो. पट्टी नेहमी शेवटच्या कडव्यावरून ठरवावी.

वय झालेल्या वृंदाचा प्रश्न याहून अवघड. एकट्या गायकाला पट्टी एक-दोन स्वरांनी उतरवून भागते. वृंदात पट्टी उतरवली की पुढच्या गायकाला आराम मिळतो, पण खर्जवाल्याच्या पायाखालची जमीन जाते. सर्वांत खालचा स्वर नुसती हवा होऊन येतो. अशा वेळी पट्टी फार तर एक स्वर उतरवावी आणि स्वर पुन्हा वाटून द्यावेत. खर्जवाल्याला षड्जाऐवजी वरचा गंधार किंवा पंचम द्यावा आणि मंद्र षड्ज बेस गिटारवर सोडावा. लांब ओळ दोघांत तोडावी, म्हणजे श्वास पुरतो. बारीक आवाज वयाबरोबर आधी विरळ होतो. त्याला जोर लावायला सांगू नये. माइक चार बोटांवर आणावा आणि हळू गाऊ द्यावे.

स्टुडिओत आणखी एक घात होतो. सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर प्रत्येक आवाज पेटीच्या स्वराला नेऊन चिकटवते. पेटीचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचे अंतर असते) चढा असतो. मिळून गाणारे गळे आपोआप खालचा, गोड गंधार लावतात. तो ‘दुरुस्त’ केला की पाच आवाज शेजारी शेजारी उभे राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. आपल्या भजनी मंडळांच्या मुद्रणातही हे वरचेवर होते.

लेखकाला आवाज ‘पोकळ’ वाटला, त्याचे कारण कदाचित ऐकण्याच्या साधनात असावे. खर्जाचा पाया 80 ते 100 हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाइलचा स्पीकर 200 च्या खाली जवळजवळ मुकाच. डॉल्बीवर उलटे होते, बेसच्या धडाक्यात मधले आवाज बुडतात. बरा हेडफोन घ्यावा, बेस वाढवू नये आणि एकच गाणे तीनदा ऐकावे: एकदा फक्त खालचा आवाज धरून, एकदा वरचा, एकदा मधले. तिसरी वेळ सर्वांत अवघड असते, आणि ओटिस तिथेच सापडतात.

आवाज बदलला म्हणजे गाणे संपले, असे निदान कोल्हापुरात तरी लिहू नये. जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज बसला, परत आला तो पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी घडवली, आणि शाहू महाराजांच्या दरबारी असताना ती याच गावाने ऐकली.

दुरुस्ती छापाल तेव्हा या अल्बमवरच्या पाचही गायकांची नावे जागांसकट द्यावीत, ही विनंती. वरचा आवाज रॉन टायसन, पुढचे आवाज टेरी वीक्स आणि बॅरिंग्टन हेंडरसन, मधला ओटिस विल्यम्स, खर्ज हॅरी मॅकगिलबेरी.

आपले,
मंगळवार पेठेतील काही वाचक, कोल्हापूर