सूक्ष्मजीव आणि कर्करोग : मथळ्याइतकाच खुलासाही हवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत शरीरातील सूक्ष्मजीव आणि कर्करोग यांच्या संबंधावर आलेला लेख वाचला. लेखातील माहिती बरोबर होती. मथळा मात्र इतका ठसठशीत होता की आमच्या पेठेत अनेकांनी मथळाच वाचला आणि कर्करोग हा संसर्गजन्य रोग असल्याचे परस्पर ठरवून टाकले. केमोथेरपी चालू असलेल्या एका आजींचे ताट-वाटी आणि तांब्या घरच्यांनी त्यानंतर वेगळा काढला. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारखीला हे ऐकून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

काही सूक्ष्मजीव एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात, हे खरे. पण संसर्ग होणे आणि कर्करोग होणे यांच्यामध्ये बहुधा दहा, वीस, तीस वर्षांचा काळ असतो, आणि संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना कर्करोग कधीच होत नाही. रुग्णाच्या गाठीतील पेशी ताटावाटे, टॉवेलवाटे किंवा शेजारी बसल्याने दुसऱ्याच्या अंगात रुजत नाहीत. उलट केमोथेरपीमुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. तेव्हा भांडी स्वच्छ ठेवायची ती रुग्णाला आपल्यापासून जपण्यासाठी.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचे आहे. जठरातील आम्लात कोणताही जिवाणू तग धरू शकत नाही, अशी वैद्यकशास्त्राची कित्येक दशके समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तरीही कोणी मनावर घेईना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये जिवाणूंचे मिश्रण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्या दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर १९९४ मध्येच या जिवाणूला निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले होते. हा जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचे आम्ल सौम्य करतो, जठराच्या अस्तराला चिकटून राहतो, आणि त्याचे काही प्रकार कॅग-ए नावाचे प्रथिन थेट आपल्या पेशीत सोडतात. वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या सुजेमुळे अस्तर झिजते, तेथील पेशींचे रूप पालटते आणि क्वचित पुढे कर्करोग होतो. क्वचित म्हणजे, संसर्ग असलेल्या शंभर जणांत साधारण एक ते तीन जणांना.

विषाणूंची बाजू थोडक्यात सांगते, कारण तिथे शंकेला जागा नाही आणि उपाय हाताशी आहेत. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात. त्यावरची पुण्यात तयार झालेली भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंमुळे यकृताचा कर्करोग होतो. बी ची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायची असते, आणि सी वर आता बहुतेकांना तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांनी तीनेक महिन्यांत बरे करता येते. जगभरात २०१८ मध्ये नव्याने आढळलेल्या कर्करोगांपैकी सुमारे १३ टक्के, म्हणजे २२ लाखांच्या आसपास, संसर्गाशी निगडित होते, आणि त्यातील बहुतांश वाटा हेलिकोबॅक्टर, एचपीव्ही आणि हे दोन हिपॅटायटिस यांचाच होता.

आपल्या लेखाने मात्र या सिद्ध झालेल्या गोष्टी आणि अजून तपासाखाली असलेल्या गोष्टी एकाच ओळीत बसवल्या, आणि माझा मुख्य आक्षेप यालाच आहे. आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूचे काही वाण कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात, ते पेशीतील डीएनएला इजा करते, आणि त्या इजेची विशिष्ट खूण मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत सापडते, हे २०२० मध्ये दाखवले गेले. तोंडात राहणारा फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जिवाणू आतड्याच्या गाठींमध्ये आढळतो, हेही खरे. पण तो गाठ सुरू करतो, की आधीच झालेल्या गाठीत आयता आसरा घेऊन ती वाढवतो, याचा निकाल अजून लागलेला नाही. शिवाय, निरनिराळ्या कर्करोगांत जिवाणूंचे ठरावीक ठसे सापडल्याचा दावा करणारा २०२० चा एक गाजलेला शोधनिबंध विश्लेषणातील चुकांमुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. दाव्याची बातमी जितक्या मोठ्या अक्षरांत येते, तितक्याच मोठ्या अक्षरांत तो मागे घेतल्याची का येऊ नये?

आपल्या जिल्ह्यापुरते दोन मुद्दे. पोटात जळजळ झाली की मिसळीच्या कटाला दोष द्यायचा, मेडिकलमधून पित्ताची गोळी आणायची आणि महिनोन्महिने तीच घेत राहायचे, ही आपल्याकडची रीत आहे. त्रास वारंवार होत असेल, वजन घटत असेल, शौच काळे होत असेल, तर डॉक्टरांना दाखवून गरजेप्रमाणे श्वासाची चाचणी किंवा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. हेलिकोबॅक्टर आढळला तर सांगितलेली प्रतिजैविके पूर्ण दिवस घ्यावीत. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर जिवाणू मरत नाही आणि पुढच्या खेपेला औषधाला दाद देईनासा होतो. दुसरे असे की, सगळे सूक्ष्मजीवच करतात, असे म्हणत मावा चघळणाऱ्याने किंवा मिश्री लावणाऱ्या काकूंनी निर्धास्त होऊ नये. आपल्याकडच्या तोंडाच्या कर्करोगाचा मुख्य धनी तंबाखूच आहे.

आपणास विनंती अशी की, त्याच पुरवणीत, तितक्याच ठळकपणे, कर्करोगाच्या रुग्णाजवळ बसल्याने किंवा त्याच्यासोबत जेवल्याने कर्करोग होत नाही, एवढा खुलासा छापावा. त्याखाली एचपीव्हीची लस कोणत्या वयात घ्यायची, गर्भाशयमुखाची तपासणी तिशीनंतर का करायची, आणि हिपॅटायटिसची मोफत तपासणी जिल्ह्यात कोठे होते, याची चौकट शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांकडून तपासून घेऊन द्यावी. शाळांच्या सूचना फलकांवर लावता येईल अशा आकारात ती असेल, तर आमच्या पेठेतल्या शाळांमध्ये ती पोचवण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर